हर्नियाच्या पिशवीत गर्भाशय : पुरुषांतील दुर्मीळ जन्मजात दोष शस्त्रक्रियेपर्यंत का लपून राहतात?

नवी दिल्ली : जांघेतील हर्नियाची शस्त्रक्रिया ही जगभर सर्वाधिक होणाऱ्या शस्त्रक्रियांपैकी एक आहे. रुग्ण तान्हे बाळ असो वा पन्नाशीचा गृहस्थ, हर्नियाच्या पिशवीत बहुधा आतड्याचा वेढा किंवा पोटातील चरबीचा पदर आढळतो. तो आत ढकलून पिशवी बांधली की काम संपते. क्वचित प्रसंगी मात्र पिशवी उघडताच शल्यचिकित्सकाच्या हाताला अनपेक्षित काही लागते. तेथे एक लहानसे गर्भाशय असते, त्याच्या दोन्ही बाजूंना नलिका असतात आणि कधी कधी दोन्ही वृषणे एकाच बाजूला उतरलेली दिसतात. टेबलावरील रुग्ण बाह्य शरीराने पूर्णतः पुरुष असतो आणि त्याला स्वतःला याची पुसटशीही कल्पना नसते.

असा प्रकार कानावर आला की त्याची बातमी ‘पुरुषाच्या पोटात गर्भाशय’ अशा मथळ्याने होते आणि कुतूहल शमले की विसरली जाते. रुग्णाच्या आणि त्याच्या कुटुंबाच्या दृष्टीने मात्र तेथून प्रश्नांना सुरुवात होते. हा मुलगाच आहे ना? सापडलेला अवयव काढून टाकायचा का? पुढे त्याला मुले होतील का? पुरुष जननमार्गातील जन्मजात दोषांविषयी वैद्यकशास्त्राने गेल्या शतकभरात जे जाणले आहे, त्यातून या प्रश्नांना बऱ्यापैकी स्पष्ट उत्तरे मिळतात. शस्त्रक्रियेत अचानक आढळलेले असे वेगळेपण ही सहसा तातडीची आपत्ती नसते आणि घाईने केलेली काटछाटच अनेकदा अधिक हानी करते, हे त्या उत्तरांचे सार आहे.

दोन वाटा, दोन संदेश

मातेच्या उदरातील गर्भ साधारण सहा-सात आठवड्यांचा होईपर्यंत मुलगा आणि मुलगी यांच्या अंतर्गत जननमार्गात फरक नसतो. प्रत्येक गर्भात नलिकांच्या दोन जोड्या असतात. जर्मन शास्त्रज्ञ कास्पार फ्रीड्रिश वुल्फ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वुल्फियन नलिकांपासून पुरुषाची शुक्रवाहिनी आणि वीर्यकोश घडतात. योहानेस म्युलर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या म्युलेरियन नलिकांपासून स्त्रीचे गर्भाशय, गर्भनलिका आणि योनीचा वरचा भाग तयार होतो. यांपैकी कोणती जोडी टिकणार आणि कोणती विरून जाणार, हे पुढच्या काही आठवड्यांत ठरते.

वाय गुणसूत्रावरील एसआरवाय या जनुकामुळे गर्भातील जननग्रंथी वृषण होण्याच्या मार्गाला लागते. या जनुकाचा शोध १९९० मध्ये लागला. वृषण आकाराला येऊ लागताच ते दोन स्वतंत्र संदेश पाठवते. पहिला संदेश टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचा असतो. त्याच्या बळावर वुल्फियन नलिका टिकतात आणि बाह्य जननेंद्रियेही पुरुषाची घडतात. दुसरा संदेश म्युलेरियन नलिकांना विरून जाण्यास सांगणाऱ्या संप्रेरकाचा असतो. त्याला अँटी-म्युलेरियन हार्मोन किंवा संक्षेपाने एएमएच म्हणतात. वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या अनेक स्त्रियांना हे नाव परिचित असेल, कारण अंडाशयातील बीजसाठ्याचा अंदाज घेण्यासाठी रक्तातील याच संप्रेरकाचे प्रमाण तपासले जाते. पुरुष गर्भात त्याचे काम निराळे असते.

हे दोन संदेश वेगवेगळे आहेत, हे फ्रेंच शास्त्रज्ञ आल्फ्रेड योस्ट यांनी १९४० च्या दशकात सशांच्या गर्भावरील प्रयोगांतून दाखवून दिले. गर्भातील जननग्रंथी काढून टाकल्यावर पिल्लांचा जननमार्ग मादीसारखा घडला. ग्रंथी काढून नुसते टेस्टोस्टेरॉन दिल्यावर नराच्या नलिका टिकल्या, पण मादीच्या नलिकाही विरल्या नाहीत. म्हणजेच वृषणातून टेस्टोस्टेरॉनखेरीज आणखी काहीतरी स्रवत असले पाहिजे, असा निष्कर्ष निघाला. त्या ‘आणखी काहीतरी’चे, म्हणजे एएमएचचे, मानवी जनुक १९८६ मध्ये हाती आले. हर्नियाच्या पिशवीत सापडणाऱ्या गर्भाशयाचे स्पष्टीकरण योस्ट यांच्या याच प्रयोगात दडलेले आहे.

संदेश पोहोचला नाही तर

काही पुरुष गर्भांत एएमएच तयारच होत नाही. काहींत ते तयार होते, पण ते ग्रहण करणारी यंत्रणा सदोष असते. दोन्ही प्रकारांत टेस्टोस्टेरॉनचे काम सुरळीत चालू राहते. त्यामुळे बाळाची बाह्य जननेंद्रिये मुलाचीच घडतात, गुणसूत्रेही एक्सवाय अशीच असतात, फक्त म्युलेरियन नलिका विरत नाहीत आणि त्यांपासून गर्भाशय व गर्भनलिका तयार होतात. वैद्यकीय परिभाषेत याला ‘पर्सिस्टंट म्युलेरियन डक्ट सिंड्रोम’ असे नाव आहे. जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत अशा काहीशेच रुग्णांची नोंद आढळते. जनुकीय तपासणी झालेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के रुग्णांत एएमएचच्या किंवा त्याच्या ग्राहकाच्या जनुकातील दोष सापडतो.

हे गर्भाशय स्वतःहून सहसा त्रास देत नाही. त्याचा उपद्रव वेगळ्या मार्गाने होतो. वृषणे त्याला जोडलेली असल्याने ती खाली वृषणकोशात उतरू शकत नाहीत. काही रुग्णांत दोन्ही वृषणे ओटीपोटातच अडकतात. काहींत एक वृषण खाली उतरताना गर्भाशयाला आपल्यामागे जांघेत ओढून आणते आणि हर्निया दिसू लागतो. कधी दुसऱ्या बाजूचे वृषणही त्याच वाटेने येते. दोन्ही वृषणे एकाच बाजूला असण्याच्या या स्थितीची नोंद १८८६ पासून वैद्यकीय साहित्यात आहे. गर्भाशय नसतानाही ती आढळू शकते.

येथेच शस्त्रक्रियेपूर्वी मिळू शकणारा एक महत्त्वाचा सुगावा आहे. मुलाच्या एका बाजूला हर्निया आणि दुसऱ्या बाजूचा वृषणकोश रिकामा, असे चित्र दिसले, तर डॉक्टरांनी हा साधा हर्निया नसण्याची शक्यता लक्षात घेणे आवश्यक ठरते. अनुभवी बालशल्यचिकित्सक अशा वेळी सोनोग्राफी करून घेतात, दुर्बिणीतून पोटाच्या आत पाहण्याची तयारी ठेवतात आणि पालकांना आधीच कल्पना देतात.

हा दोष अप्रभावी पद्धतीने वारशात येतो. आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक आले, तरच मुलात तो प्रकट होतो. आई-वडील स्वतः निरोगी असतात. एएमएचच्या अभावाचा बहिणींच्या शरीररचनेवर परिणाम होत नाही, कारण मुलीच्या गर्भात म्युलेरियन नलिका टिकणेच अपेक्षित असते. भावांमध्ये मात्र तोच दोष असण्याची शक्यता चारात एक इतकी असते. म्हणून एका मुलात निदान झाले की त्याच्या भावांची तपासणी करावी लागते. नात्यातील विवाहांत दोन्हीकडून एकच सदोष जनुक येण्याची शक्यता वाढते. मामाच्या किंवा आत्याच्या घराण्यात लग्न करण्याची रीत दक्षिण भारतात आणि महाराष्ट्रातील काही समाजांत आजही आहे. तेथे डॉक्टरांनी कुटुंबाचा इतिहास विचारणे आणि कुटुंबाने तो मोकळेपणाने सांगणे उपयोगाचे ठरते.

कर्करोग समजून काढले जाणारे निरोगी वृषण

शस्त्रक्रियेत अचानक समोर येणाऱ्या दोषांत गर्भाशयाची चर्चा सर्वाधिक होते. घाईची किंमत किती मोठी असते, हे मात्र दुसऱ्या एका दोषातून अधिक स्पष्ट दिसते. गर्भावस्थेच्या सुरुवातीला प्लीहा आणि डावी जननग्रंथी एकमेकींच्या अगदी जवळ असतात. त्या काळात प्लीहेच्या ऊतीचा एखादा तुकडा वृषणाला चिकटला, तर वृषण खाली उतरताना तोही सोबत येतो. हा दोष म्हणूनच जवळजवळ नेहमी डाव्या बाजूला आढळतो. त्याचे पहिले वर्णन १८८३ मधील आहे.

अशा मुलाच्या किंवा तरुणाच्या वृषणाजवळ टणक गाठ लागते. वृषणाची गाठ म्हटली की पहिला संशय कर्करोगाचा येतो आणि तो येणे योग्यही आहे. पण केवळ संशयावरून संपूर्ण वृषण काढून टाकल्यानंतर प्रयोगशाळेतून ‘ही तर प्लीहेची निरोगी ऊती’ असा अहवाल आल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात पुन्हा पुन्हा आढळतात. शस्त्रक्रिया चालू असतानाच गाठीचा लहानसा नमुना गोठवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची सोय असेल, तर काही मिनिटांतच निदानाची दिशा कळते आणि वृषण वाचवता येते.

तिसरे वृषण असणे हाही असाच दुर्मीळ प्रकार आहे. ऊतींच्या तपासणीने सिद्ध झालेल्या रुग्णांची जगभरातील संख्या सुमारे दोनशेच्या घरात आहे. पूर्वी असे जादा वृषण दिसताच ते काढले जाई. आता सोनोग्राफी आणि एमआरआयने ते ओळखता येते. ते योग्य जागी असेल आणि संशयास्पद काही नसेल, तर ठरावीक काळाने तपासणी करत राहणे पुरेसे मानले जाते.

जी नलिका सापडत नाही

काही दोष नको ते सापडल्याने उघड होतात, तर काही हवे ते न सापडल्याने. पुरुष नसबंदी करताना डॉक्टर प्रथम वृषणकोशाच्या वरच्या भागात शुक्रवाहिनी बोटांनी चाचपतात. ती ताठ दोरीसारखी हाताला लागते. कधी एका बाजूला ती लागतच नाही, कारण ती जन्मतःच नसते. अशा वेळी वृषणकोशात नुसती शोधाशोध करत राहण्याऐवजी त्या पुरुषाची मूत्रपिंडे तपासणे अधिक महत्त्वाचे ठरते. शुक्रवाहिनी ज्या वुल्फियन नलिकेपासून घडते, तिच्याच फुटव्यापासून मूत्रवाहिनी तयार होते आणि मूत्रपिंडाच्या घडणीला चालना मिळते. ती नलिका सुरुवातीलाच खुंटली, तर त्या बाजूचे मूत्रपिंडही नसण्याची शक्यता बरीच असते. आपल्याला एकच मूत्रपिंड आहे, हे अनेकांना अशाच प्रसंगी प्रथम समजते. ही माहिती आयुष्यभर उपयोगी पडते. मूतखडा, पोटाला झालेली दुखापत, वेदनाशामक औषधांचा दीर्घकाळ वापर किंवा नातेवाइकाला मूत्रपिंडदान करण्याचा विचार, अशा प्रत्येक वेळी ती निर्णायक ठरते.

एका बाजूचे मूत्रपिंड नसणे आणि त्याच बाजूच्या वीर्यकोशात पाणगाठ असणे, या एकत्र स्थितीचे वर्णन १९१४ मध्ये झिनर यांनी केले. त्यांच्याच नावाने ती ओळखली जाते. लघवीला वारंवार जावे लागणे, ओटीपोटात दुखणे किंवा मूल न होणे, अशा तक्रारींच्या तपासात ती समोर येते.

दोन्ही शुक्रवाहिन्या नसल्यास वीर्यात शुक्राणू येत नाहीत, पण वृषणात ते सहसा तयार होत असतात. या दोषाचे कारण अनेकदा सीएफटीआर या जनुकात असते. १९८९ मध्ये शोधलेल्या याच जनुकातील गंभीर बिघाडामुळे सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसांचा आणि स्वादुपिंडाचा आजार होतो. त्यामुळे पतीमध्ये हा दोष आढळल्यास पत्नीचीही जनुकीय तपासणी करण्याचा सल्ला दिला जातो. दोघांकडेही सदोष जनुक असेल, तर होणाऱ्या बाळाला तो आजार होऊ शकतो. वृषणातून शुक्राणू काढून ते थेट बीजांडात सोडण्याचे इक्सी तंत्र १९९२ पासून उपलब्ध झाल्याने अशा अनेक पुरुषांना स्वतःचे अपत्य होणे शक्य झाले आहे.

टेबलावर घाई का नको

गर्भाशय सापडल्यावर ते त्याच वेळी काढून टाकावे, असा मोह होणे स्वाभाविक आहे. त्यात एक मोठा धोका आहे. या रुग्णांत शुक्रवाहिन्या बहुधा गर्भाशयाच्या आणि त्याच्या मुखाच्या भिंतीलगत किंवा भिंतीतूनच गेलेल्या असतात. वृषणाला रक्तपुरवठा करणाऱ्या वाहिन्याही जवळच असतात. गर्भाशय सरसकट कापून काढताना या दोन्ही गोष्टींना इजा झाली, तर मूल होण्याची जी काही शक्यता असते तीही संपते आणि वृषण सुकून जाऊ शकते.

म्हणूनच निदान आधी झालेले नसेल, तर त्या दिवशी मर्यादित काम करण्याची पद्धत अनेक शल्यचिकित्सक अवलंबतात. आतील रचना नीट पाहून तिची नोंद करायची, छायाचित्रे घ्यायची, गरजेप्रमाणे ऊतींचे नमुने घ्यायचे, हर्निया दुरुस्त करायचा आणि अवयव जागच्या जागी ठेवून जखम बंद करायची. त्यानंतर गुणसूत्रांची आणि संप्रेरकांची तपासणी होते. वयात येण्यापूर्वीच्या मुलात एएमएच जवळजवळ शून्य असेल, तर दोष त्याच्या निर्मितीत असतो. प्रमाण योग्य असूनही नलिका उरल्या असतील, तर दोष ग्राहकात असल्याचे कळते. पालकांशी सविस्तर बोलून मगच पुढची शस्त्रक्रिया ठरते.

त्या शस्त्रक्रियेचे मुख्य उद्दिष्ट वृषणे वृषणकोशात आणून बसवणे हे असते. पोटातील उष्णता शुक्राणूंच्या निर्मितीला मानवत नाही. शिवाय जागेवर न आलेल्या वृषणात पुढे कर्करोग होण्याचा धोका अधिक असतो आणि पोटातील वृषणाची गाठ हाताला लागत नाही. वृषणे खाली आणण्यासाठी काही वेळा गर्भाशय मधोमध उभे विभागून शुक्रवाहिन्यांना आवश्यक ती सैल लांबी मिळवली जाते. गर्भाशयाचा उरलेला भाग काढावा की राहू द्यावा, यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही. अशा अवशेषांत कर्करोग झाल्याची थोडी उदाहरणे नोंदली गेली आहेत, म्हणून काही जण तो शक्य तेवढा काढण्याच्या बाजूचे आहेत. शुक्रवाहिन्यांची हानी टाळणे अधिक महत्त्वाचे मानणारे तो ठेवून नियमित तपासणी सुचवतात. या पुरुषांत अपत्यप्राप्तीचे प्रमाण कमी असले, तरी ती अशक्य नाही.

घरी काय सांगायचे

रुग्णाला आणि कुटुंबाला कोणते शब्द ऐकू येतात, यावर पुढची अनेक वर्षे अवलंबून असतात. शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी घाईघाईत उच्चारलेले ‘मुलाला गर्भाशय आहे’ हे वाक्य आई-वडिलांच्या मनात मुलाच्या लिंगाविषयीच शंका निर्माण करते. प्रत्यक्षात या दोषात गुणसूत्रे, वृषणे, टेस्टोस्टेरॉन आणि बाह्य शरीर हे सारे पुरुषाचेच असते. गर्भावस्थेत विरून जायला हवा होता असा एक अवशेष तेवढा मागे राहिलेला असतो. त्याच्या नावाची, वर्गाची किंवा कपड्यांची अदलाबदल करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ही गोष्ट पहिल्याच भेटीत, निवांत बसवून आणि गरज पडल्यास कागदावर चित्र काढून सांगितली, तर भीतीचे ओझे बरेच हलके होते.

ज्या बालकांचे बाह्य जननेंद्रिय पाहून मुलगा की मुलगी हे सांगता येत नाही, त्यांचा प्रश्न यापेक्षा वेगळा आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०१९ मधील निकालानंतर तमिळनाडू सरकारने अशा अर्भकांवरील लिंग-निश्चितीच्या शस्त्रक्रियांवर, जीवाला धोका असल्याचा अपवाद सोडून, बंदी घातली. दोन्ही परिस्थिती वेगळ्या असल्या, तरी त्यामागील तत्त्व दोन्हीकडे लागू पडते. ज्या अवयवाने तातडीचा धोका नाही आणि जो एकदा काढला की परत आणता येत नाही, त्याचा निर्णय पूर्ण माहितीनंतर आणि संमतीनेच व्हायला हवा. रुग्णाची गोपनीयता हाही त्याचाच भाग आहे. दुर्मीळ शस्त्रक्रियेची छायाचित्रे समाजमाध्यमांवर फिरवली जातात तेव्हा गावात त्या मुलाची ओळख लपून राहत नाही.

पहिले सहा महिने

या दोषांतील अनेकांची चाहूल शस्त्रक्रियेच्या कितीतरी आधी लागू शकते. त्यासाठी महागड्या यंत्राचीही गरज नसते. जन्मलेल्या प्रत्येक मुलाची दोन्ही वृषणे जागेवर आहेत का, हे हाताने तपासणे हीच पहिली पायरी आहे. पूर्ण दिवसांच्या मुलांपैकी साधारण २ ते ४ टक्के आणि अपुऱ्या दिवसांच्या मुलांपैकी सुमारे ३० टक्क्यांपर्यंत बाळांत एक किंवा दोन्ही वृषणे जन्मतः उतरलेली नसतात. त्यांतील बरीचशी पहिल्या काही महिन्यांत आपोआप खाली येतात. सहा महिन्यांनंतर ती उतरण्याची शक्यता फार कमी उरते. म्हणून त्या टप्प्यावर बाळाला बालशल्यचिकित्सकाला दाखवावे आणि गरज असल्यास शस्त्रक्रिया ६ ते १८ महिन्यांच्या वयात व्हावी, अशी शिफारस केली जाते. ‘वयात येताना आपोआप उतरेल’ हा समज अनेक मुलांची मोलाची वर्षे वाया घालवतो.

नवजात बाळाची दोन्ही वृषणे हाताला लागत नसतील, तर मात्र थांबून चालत नाही. अधिवृक्क ग्रंथीच्या एका जन्मजात आजारात मुलीचे बाह्य जननेंद्रिय मुलासारखे दिसू शकते आणि शरीरातील मिठाचा तोल बिघडून पहिल्या काही आठवड्यांतच बाळाच्या जीवावर बेतू शकते. अशा बाळाची तपासणी रुग्णालयातून घरी पाठवण्यापूर्वीच होणे गरजेचे असते.

महाराष्ट्रात बाळाला तेल लावून ऊन पाण्याने न्हाऊ घालण्याची पद्धत अजूनही घरोघरी आहे. थंडीने वर सरकणारी वृषणे उबदार पाण्यात सैल होऊन खाली येतात. त्यामुळे एखादी बाजू कायम रिकामी राहते का, हे पाहण्यासाठी ती वेळ सोयीची असते. न्हाऊ घालणाऱ्या आजीच्या किंवा बाईच्या हे लक्षात येते, पण संकोचापोटी ते बोलले जात नाही. लसीकरणाच्या भेटीत किंवा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आल्यावर एवढा एकच प्रश्न डॉक्टरांना विचारला, तरी पुढचा बराच मार्ग सुकर होतो. निदान आधी झालेले असेल, तर शस्त्रक्रियेच्या दिवशी शल्यचिकित्सक तयारीने येतो, पालकांनी विचारपूर्वक संमती दिलेली असते आणि मुलाचे वृषण वाचण्याची शक्यता वाढते.